जर्मन घरच्या घरी शिकायचंय: ॲप बरं की ऑडिओवालं पुस्तक?

सुरुवात करताना बरेच जण इथेच अडकतात म्हणून लिहितेय. 'महिनाभरात फाडफाड बोला' वगैरे जाहिराती आधी बाजूला ठेवा.

रोज बसण्याच्या बाबतीत ॲप सरळ जिंकतं. फोन हातातच असतो, दहा मिनिटं कशीही निघतात, आणि विसरायला आलेले शब्द ते बरोब्बर परत समोर आणतं. पुस्तक मुद्दाम उघडावं लागतं ना, तिथेच माणूस गळतो.

पण व्याकरणाचं काय? जर्मनमध्ये पुरुष, म्हणजे बाप्या माणूस, हा 'डेर मान', पण 'मी त्या पुरुषाला बघते' म्हटलं की तोच 'डेन मान' होतो. ॲपमध्ये आपण पर्यायांतून अंदाजाने 'डेन' निवडतो, हिरवी टिक येते, पुढे जातो, आणि असं का झालं ते कळलेलंच नसतं. हा विभक्तीचा बदल आहे, आणि चांगल्या पुस्तकात जर्मनच्या चारही विभक्त्या एका तक्त्यात असतात, खाली सराव असतो, आणि मराठी माणसाला विभक्ती काही नवीन नाही त्यामुळे ते खरंच पटकन डोक्यात बसतं.

ऐकण्यातही पुस्तकाचे सलग संवाद मला जास्त उपयोगी वाटतात, ॲपमध्ये बहुतेक सुटी वाक्यं. खर्च म्हणाल तर ॲप फुकटात चालतं पण जाहिराती झेला, पुस्तकाला एकदाच पैसे. बोलायचा खरा सराव मात्र दोन्हींत नाही, त्यासाठी माणूसच शोधा.

फिरायला जाण्यापुरतं हवं असेल किंवा सवयच लागत नसेल तर ॲप घ्या. परीक्षा, शिक्षण, नोकरी डोक्यात असेल तर पुस्तकच, ॲप फक्त शब्दांपुरतं.