जुनं रुग्णालय: जपायचं, दर्शनी भिंत ठेवायची की पाडायचं?

रुग्णालय दुसरीकडे गेलं, आवार रिकामं झालं, आता तिथे घरं, कार्यालयं, दुकानं यायची आहेत. इमारतींचं काय करायचं याच्या तीन वाटा आहेत: मजबूत करून वापरणं, दर्शनी भिंत राखून मागे नवा सांगाडा उभारणं, किंवा पाडून नव्याने बांधणं. फ्रान्समधल्या लिऑनच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात पहिली वाट दिसते. २०१०मध्ये बंद झालेल्या त्या रुग्णालयात आज हॉटेल आणि दुकानं आहेत. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाचं बहुतांश पाडलं, पण आतलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, राखलं. एडिनबरोच्या रॉयल इन्फर्मरीच्या जागेवर, म्हणजे क्वार्टरमाइलमध्ये, १८७९च्या इमारती आणि नव्या काचेच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत.

जपण्याच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे वजन. बहुतेक बांधकाम संहितांत वॉर्ड आणि घर यांच्या मजल्यावरचा भार जवळपास सारखाच धरतात, चौरस मीटरला सुमारे २ किलोन्यूटन (साधारण २०० किलो वजन). कार्यालयाला २.५ ते ४, दुकानाला ४ ते ५. म्हणजे वॉर्डात घरं केली तर जुन्या मजल्याकडून फारसं जास्तीचं मागावं लागत नाही. त्यातून नाइटिंगेल पद्धतीचे, म्हणजे एकाच लांब दालनात खाटांच्या रांगा असलेले, जुने वॉर्ड अरुंद, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले. घरांना उजेड आयताच मिळतो. छत उंच म्हणून पोटमाळा टाकायचा मोह होतो. टाकाच, पण त्याचे पाय जुन्या मजल्यावर टेकवू नका.

दुकानांचा प्रश्न वेगळा. तळमजल्याची फरशी थेट जमिनीवर असेल तर जादा वजन जमिनीतच जातं. खरी अडचण असते रुंद दर्शनी उघड्यांसाठी भारवाही भिंत फोडण्याची. वरचा भार आधी आडव्या तुळयांवर तोलून धरायचा, मग खाली पोलादी चौकट बसवायची. शिवाय तीच भिंत वारा आणि भूकंपाचा आडवा धक्का पेलत असते, ती ताकद दुसरीकडून आणावी लागते. म्हणून दुकानं नव्या इमारतीत, घरं जुन्या वॉर्डात, ही विभागणी मला बरी वाटते.

फक्त दर्शनी भिंत ठेवणं कागदावर मधली वाट दिसतं. माझ्या मते तिघांत तेच सगळ्यात अवघड. आतले मजले आणि आडव्या भिंती काढल्या की ती भिंत वाऱ्यापुढे एकटी पडते. तिला धरायला तात्पुरता पोलादी सांगाडा, त्याच्या बुडाशी काँक्रीटचे अवजड ठोकळे, आणि तो सगळा पसारा ऐन कामाच्या जागेत. पुढे जोडणीचा पेच: जुनी भिंत शंभर वर्षांत बसून स्थिरावलेली, नवा सांगाडा मात्र अजून खाली बसायचा असतो. जोडणीने भिंतीला आडवं धरलं पाहिजे, पण वरखाली सरकायला मोकळीक दिली पाहिजे. तेवढ्यावर भागत नाही. जुने मजले साडेचार मीटर उंचीचे आणि नवे तीनचे असले तर नवा स्लॅब खिडकीच्या मधोमध येतो.

पाडून बांधलं तर मोकळीक जास्त, पण जमीन कोरी मिळत नाही. वॉर्डांना जोडणारे बोगदे, जुने पाये, टाक्या खाली असतात. एक्स-रे खोल्यांच्या जाड, शिसं लावलेल्या भिंती तर पाडणाऱ्यांना चकित करतात. शिवाय नव्या इमारतीच्या तळघरात गाड्या ठेवायच्या तर साधारण ८ मीटरचं खांबांचं जाळं सोयीचं, वरच्या घरांना ते जुळत नाही; मध्ये वरच्या खांबांचा भार खालच्या खांबांवर वळवणारा मीटरभर जाडीचा ट्रान्सफर स्लॅब येतो.

यातलं सगळ्यात महाग दुखणं तळघर. राखलेल्या इमारतीखाली ते न्यायचं तर पाया मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांनी, एकाआड एक खणून, खोल न्यावा लागतो. गाड्या नव्या भागाखाली ठेवल्या तरी शेजारच्या खड्ड्याने चुन्यातली जुनी भिंत खचू शकते. भिंतीवर हालचाल मोजणारी यंत्रं पहिल्या कुदळीआधी लावा. आणि आराखडा पक्का करण्याआधी पायाजवळ चाचणी खड्डे खणून घ्या.