डीएमडीच्या अभ्यासातल्या कोऑर्डिनेटर मॅडम: पाचपैकी चार

डीएमडी, म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हा स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. तो असलेल्या मुलाचं नाव रुग्णालयाच्या संशोधन-अभ्यासात घालावं का, असं नाशिकच्या सिडकोतल्या दोघी आयांनी मला विचारलं, म्हणून लिहितेय. डॉक्टरांविषयी नाही, कोऑर्डिनेटर मॅडमविषयी. दीड वर्षात आमची खरी गाठ त्यांच्याशीच पडली.

माझा मुलगा 9 वर्षांचा. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो. मुंबईतल्या एका रुग्णालयात अशा मुलांची नोंद ठेवतात, दर सहा महिन्यांनी मोजमाप घेतात. पहिल्याच भेटीत मॅडम म्हणाल्या, "ताई, यात औषध नाही. तुमच्या मुलाला लगेच काही मिळणार नाही. हे ऐकून मग सही करायची का ते ठरवा." त्याआधी दोन ठिकाणी आम्ही आशेपायी पैसे घालवले होते. इतकं स्पष्ट कुणीच बोललं नव्हतं.

मग नोंद कशाला, हेही त्यांनीच समजावलं. डिस्ट्रोफिन या स्नायूंना लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात 79 तुकडे असतात, माझ्या मुलाचे 45 ते 50 क्रमांकाचे तुकडे गळालेत. काही नवी औषधं ठरावीक तुकडे गळालेल्या मुलांसाठीच आहेत. उद्या चाचणी निघाली तर कुठलं मूल त्यात बसतं हे आधीच ठाऊक हवं. शिवाय औषधाविना आजार कसा वाढतो हे लिहून ठेवलेलं नसेल, तर औषधाने फरक पडला हे कळणार कशावरून?

संमतीपत्र मराठीत होतं, त्यांनी ओळ न् ओळ वाचून दाखवलं. मग मुलाकडे वळल्या. 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा असतो. त्याने विचारलं, "मी नको म्हटलं तर रागवाल?" मॅडमनी फाइल मिटली. "नाही रे. आज हो म्हणून उद्या नको म्हणालास तरी चालेल." मार्चमध्ये सहा मिनिटं चालायच्या तपासणीत तो चौथ्या मिनिटाला भिंतीला टेकला, बास म्हणाला. त्यांनी किती मीटर झाले ते लिहिलं आणि पाणी दिलं. "अजून एक फेरी मार" म्हणाल्या नाहीत.

हा आजार आईकडून येतो, एवढंच ऐकून सासरी माझ्याकडे बोट दाखवत होते. मॅडमनी जेनेटिक काउन्सेलरची वेळ घेतली आणि ह्यांनाही मुद्दाम बोलावलं. साधारण तीनातल्या एका मुलात हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच, हे ह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझ्या तपासणीचा निकाल इथे सांगत नाही. घरातली बोलणी मात्र बंद झाली.

एक तारा का कापला? प्रवासखर्च तीन महिने उशिरा आला. पद कंत्राटी आहे. मध्ये कंत्राट संपलं तेव्हा चार महिने फोन घ्यायला कुणी नव्हतं, आमचं एक मोजमाप हुकलं. एवढ्या नाजूक कामाला कायम माणूस नको का? चूक त्यांची नाही, पण भोगलं पोराने.

पुढे औषधाच्या चाचणीसाठी कुणी विचारलं तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. 2009 पासून ती नोंदणी सक्तीची आहे.

मॅडम आमच्या सगळ्या तपासण्या एकाच दिवशी लावतात, म्हणजे सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने नाशिकरोडला परत येता येतं. हल्ली आदल्या दिवशी फोन करून व्हीलचेअर ठेवू का विचारतात. मला नाही, फोन त्याच्याकडे द्यायला सांगतात.