ॲक्युप्रेशर सेंटर, जळगाव : 5 पैकी अडीच स्टार, आणि ते का ते वाचाच

सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण भांडायचं नाहीये, पण आमच्याकडे सध्या घरटी एक माणूस तिकडे जातोय म्हणून लिहितो. आमचे नाना 71 वर्षांचे, रेल्वेतून रिटायर, दोन वर्षांपूर्वी ॲटॅक आला, स्टेंट टाकला, पंपिंग 35 टक्के. दिवाळीनंतर त्यांची भूकच गेली. कळण्याची भाकरी आणि भरीत म्हणजे नानांचा जीव, तर दोन घास खाल्ले की "पोट भरनं भो" म्हणून ताट सरकवायचे, पोट टम्म. आम्ही सगळे गॅस गॅस करत बसलो. ओवा झाला, हिंग झाला, मग मावशीने या सेंटरचं सांगितलं.

300 रुपये सिटिंग, 10 सिटिंगचं पॅकेज घेतलं तर अडीच हजार. जागा स्वच्छ, पंखा-कूलर सगळं आहे, आणि तिथल्या ताई बोलायला एकदम गोड, घाई नाही. नानांची करंगळी हातात घेऊन नखाच्या दोन बाजू दाबून दाखवल्या, अनामिकेकडची बाजू हृदयाची आणि बाहेरची लहान आतड्याची, चिनी वैद्यकात ही जोडी आहे म्हणे, दोघं अग्नी तत्त्वाची. हृदयाची उष्णता आतड्यात उतरली की तोंड येतं आणि लघवीला जळजळ होते. वेळासुद्धा लावलेल्या, 11 ते 1 हृदयाची, 1 ते 3 लहान आतड्याची, भिंतीवर चार्ट आहे. ताईंनी विचारलं तोंड येतं का, नाना हो म्हणाले (ते तंबाखूने येतं हे मला माहीत, पण मी गप्प). नाना खुश. अर्धा तास कोणीतरी आपला हात धरून ऐकून घेतंय, घरी कोण ऐकतं त्यांचं.

आता अडीच स्टार का कापले ते. ताईंनी एकदाही विचारलं नाही की फाईल आणलीय का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. आणि उष्णता काढायला म्हणून सांगितलं दिवसाला 3 लिटर पाणी प्या, सकाळच्या ग्लासात सैंधव टाकून. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कार्डावर दीड लिटर लिहून दिलेलं, मीठ कमी असंही, पण नानांना ताईंचं जास्त पटलं, आणि आमचंही लक्ष नव्हतं हे खरं. सैंधव असो की साधं, शेवटी सोडियमच ना! आठवड्यात वजन 3 किलो वाढलं, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायला लागला, रात्री उशाला तीन उशा. चार सिटिंग झाल्या आणि पाचव्याऐवजी सरळ हार्टच्या डॉक्टरांकडे.

तिथे जे कळलं त्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय. डॉक्टर म्हणाले गॅस वगैरे काही नाही, पोटाचा त्रास हृदयाचाच आहे. पुढे गटार तुंबलं की पाणी मागे आपल्या मोरीत येतं ना, तसं. पंप नीट ओढत नाही म्हणून रक्त मागे लिव्हरमध्ये आणि आतड्यात तुंबतं, आतड्याच्या भिंती सुजतात, म्हणून दोन घासात पोट भरतं. आणि मजा बघा, लघवीची गोळी रक्तात जाते ती याच आतड्यातून, ते सुजलं की गोळी हळूहळू शोषली जाते, पाहिजे तेवढा जोर येत नाही, पाणी अजून साचतं, आतडं अजून सुजतं. म्हणून नाना गोळी रोज घेत होते तरी लागू पडत नव्हती. चार दिवस तेच औषध इंजेक्शनने दिलं, 4 किलो पाणी उतरलं, पाचव्या दिवशी नाना स्वतःहून म्हणाले आज फुणके-कढी कर गं.

म्हणजे ताईंची जोडी तशी खोटी नाहीये, कारण वेगळं आहे एवढंच. आराम करताना हृदयातून निघालेल्या रक्तातलं जवळपास पाव रक्त पोटातल्या अवयवांकडेच जातं. उलट दिशेनेही आहे, नानांची कोलेस्टेरॉलची जी दुसरी गोळी आहे ती लहान आतड्यातच काम करते, तिथे कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. रात्रीचा इसबगोलसुद्धा फक्त पोट साफ करत नाही, आतड्यात पित्त धरून ठेवतो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं. फक्त गोळ्यांसोबत घ्यायचा नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि पाणी दीड लिटरच्या हिशोबातलंच.

आणि एक, ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या हृदयात गुठळी होऊन ती आतड्याच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकू शकते. असं माणूस अचानक पोटाच्या भयंकर कळेने लोळायला लागलं तर करंगळी दाबत बसू नका, गाडी काढा.

उरलेल्या 6 सिटिंगचे पैसे परत मागितले, थोडी कुरकुर झाली पण दिले, त्याचा अर्धा स्टार. मी ताईंना कार्ड दाखवलं तर त्यांनी फोटो काढून घेतला, आता दारात वही ठेवलीय त्यात आजार आणि गोळ्या लिहून घेतात असं मावशी सांगत होती. गुडघे, मान, झोप यासाठी जा, मावशीला फरक आहे. हार्टवाल्यांनी जायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि पाण्याचं-मिठाचं तिथलं ऐकू नका.

रविवारी बंद. दुपारी 12 नंतर गर्दी नसते. गाडी लावायला जागा आहे पण सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी नाना जिन्यात एकदा थांबले होते, चौथ्या दिवशी चारदा, आणि मी वरून हाक मारत होतो, चला ना नाना, ताई थांबल्यात.