तंबाखूविषयक निदानांसाठी एन्कोडर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चाचणीसाठी केलेल्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा मेडिकेअरचा (अमेरिकेतील मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) एक क्लेम नाकारला गेला. त्याचे कारण शोधताना जे दिसले, त्यामुळे आमच्या विभागात वापरात असलेल्या एन्कोडरविषयी, म्हणजे निदानांचे कोड सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, सविस्तर लिहावेसे वाटले. आयसीडी-१०-सीएमचे (अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निदान-वर्गीकरणाचे) कोड रोज लावणाऱ्यांना अशा एन्कोडरची सर्वसाधारण वैशिष्ट्ये माहीत असतात, म्हणून ती येथे सांगत नाही. हा अभिप्राय फक्त तंबाखू आणि निकोटीन अवलंबित्व यांच्या कोडिंगपुरता आहे.

नाकारलेल्या क्लेममधील रुग्ण सर्व अटींत बसत होता. मेडिकेअरला या तपासणीसाठी ५० ते ७७ हे वय, किमान २० पॅक-वर्षांचे (रोजची पाकिटे गुणिले वर्षे) धूम्रपान, लक्षणांचा अभाव आणि सध्याचे धूम्रपान किंवा गेल्या १५ वर्षांत ते सोडलेले असणे अपेक्षित आहे. डॉक्टरांनी हे सर्व नोंदवले होते आणि ‘सिगारेट’ हा शब्दही स्पष्ट लिहिला होता. तरीही एन्कोडरने एफ१७.२००, म्हणजे प्रकार न सांगितलेले, गुंतागुंत नसलेले निकोटीन अवलंबित्व, हा कोड सुचवला आणि तोच पुढे गेला. ७१२७१ या प्रक्रियेसोबत (हा या सीटी स्कॅनचा कोड) मेडिकेअर एफ१७.२१ या सिगारेटच्या गटातील कोड किंवा झेड८७.८९१ (पूर्वीचे निकोटीन अवलंबित्व) स्वीकारते, एफ१७.२०० स्वीकारत नाही. तपासणी योग्य व्यक्तीची, योग्य वेळी आणि योग्य कारणासाठी झाली होती. क्लेम अडला तो पाचव्या अक्षराच्या जागी १ ऐवजी शून्य आल्यामुळे.

या पाचव्या अक्षरावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या मते या उत्पादनाची किंमत वसूल होते की नाही, हे तेथेच ठरते. एफ१७.२ मध्ये पाचवे अक्षर तंबाखूचा प्रकार सांगते : १ म्हणजे सिगारेट, २ म्हणजे चघळण्याचा तंबाखू, ९ म्हणजे इतर उत्पादने आणि शून्य म्हणजे प्रकार नोंदलेला नाही. हा एन्कोडर आधी समस्यांची यादी वाचतो, तेथे ‘निकोटीन अवलंबित्व’ एवढेच दिसले की एफ१७.२०० देतो आणि थांबतो. त्याच चार्टमध्ये (रुग्णाच्या नोंदीत) खाली, सवयींच्या परिच्छेदात, उत्पादनाचे नाव असले तरी तो तिकडे वळत नाही. उत्पादकाच्या मदत विभागाला हे कळवल्यावर उत्तर आले की एफ१७.२०० हा वैध कोड आहे, अनुक्रमणिकेनुसारच आहे, म्हणून यात दोष नाही. कोड वैध आहे हे मला मान्य आहे. नोंदीत खरोखरच अधिक माहिती नसेल, तर तोच लावला पाहिजे. परंतु माहिती चार्टमध्ये असताना ‘माहिती नाही’ असे सांगणारा कोड जातो, तेव्हा तो त्या चार्टविषयी खोटे विधान करतो. त्यातून क्लेम तर अडतोच, शिवाय किती रुग्ण सिगारेट ओढतात आणि किती जण तंबाखू चघळतात, हा फरकही आकडेवारीतून पुसला जातो. अशा आकडेवारीवरच व्यसनमुक्तीच्या सेवांचे नियोजन होत असल्याने हे नुकसान मला क्षुल्लक वाटत नाही.

बाकी बाजू मात्र चांगली आहे. झेड७२.० (केवळ तंबाखूचा वापर) आणि एफ१७.२ हे कोड एकाच नोंदीवर एकत्र लावायचे नसतात. एक्सक्लूड्स१ची (कोणते कोड एकत्र नकोत हे सांगणारी) ही सूचना प्रणाली न चुकता देते. जे४४खाली सीओपीडीचे (श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणाऱ्या फुप्फुसविकाराचे) निदान आले की तंबाखूविषयक अतिरिक्त कोडची आठवण करून देते. गर्भवतीच्या नोंदीत ओ९९.३३ (गरोदरपणातील तंबाखूसेवन) आधी आणि एफ१७ नंतर हा क्रमही तिने कधी बिघडवलेला नाही. तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाच्या ९९४०६ आणि ९९४०७ या कोडांत भेद करण्यासाठी लागणारी मिनिटे ती विचारत नाही, हे एक न्यून आहे.

ई-सिगारेटच्या बाबतीत सुखद धक्का बसला. १ एप्रिल २०२० पासून यू०७.० हा कोड आल्यानंतर, व्हेपिंगचा उल्लेख दिसला की तोच लावण्याची प्रवृत्ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तो कोड व्हेपिंगमुळे झालेल्या विकारासाठी आहे. केवळ निकोटीनयुक्त व्हेपिंगच्या अवलंबित्वासाठी एफ१७.२९ हा गट आहे. हा एन्कोडर दोन्हींत नेमका फरक करतो.

एका वैशिष्ट्याविषयीचे माझे मत मात्र पूर्ण बदलले. रुग्णाने तंबाखू सोडल्याचे नोंदीत आले की प्रणाली काम थांबवून विचारते की डॉक्टरांनी ‘रेमिशन’ (अवलंबित्व शमलेले) असे लिहिले आहे का. सुरुवातीचे कित्येक आठवडे या प्रश्नाचा मला फार त्रास झाला, कारण प्रत्येक वेळी हात थांबतो. आता हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. रेमिशन ठरवणे हे उपचार करणाऱ्याच्या वैद्यकीय निर्णयावर अवलंबून असते, कोडरच्या तर्कावर नाही. म्हणून डॉक्टरांनी तसे लिहिले असेल तरच एफ१७.२११ लावायचा, आणि पाच वर्षांपूर्वी सिगारेट सोडली एवढीच नोंद असेल तर झेड८७.८९१. प्रणाली स्वतः अंदाज बांधत नाही, विचारते, आणि हेच योग्य आहे.

त्यामुळेच पाचव्या अक्षराबद्दलची माझी तक्रार कमी होण्याऐवजी वाढली. रेमिशन दाखवणाऱ्या सहाव्या अक्षरासाठी थांबून प्रश्न विचारणाऱ्या प्रणालीला पाचव्यासाठी तसे करण्यात तांत्रिक अडचण असेल, हे पटत नाही. सेटिंगमध्ये ‘अनस्पेसिफाइड कोड’ची (तपशील न सांगणाऱ्या कोडची) सूचना चालू करता येते, पण ती चालू केली की आयसीडीच्या सर्व प्रकरणांतील अशा प्रत्येक कोडला सूचना येते आणि दिवसाअखेरीस कोणीही ती वाचत नाही. केवळ एफ१७.२ साठी ती लावायची असेल, तर नियमांचे वेगळे मॉड्यूल विकत घ्यावे लागते. दर वापरकर्त्यामागे वर्षाचे शुल्क भरल्यानंतर, चार्टमध्ये असलेली माहिती वाचण्यासाठी पुन्हा पैसे द्यावेत, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते पैसे आम्ही दिलेले नाहीत.

सध्या ७१२७१ असलेला कोणताही क्लेम एफ१७.२०० सह पुढे जाऊ द्यायचा नाही, असा नियम आम्ही केला आहे. असे चार्ट एक कोडर पूर्ण वाचतो आणि उत्पादनाचे नाव कोठेच नसेल तर डॉक्टरांना क्वेरी पाठवतो. परत आलेला क्लेम एफ१७.२१० लावून पुन्हा दाखल केला आणि तो मंजूर झाला. नवे कोड १ ऑक्टोबरपासून लागू होतात आणि आमच्या परवान्याचे नूतनीकरणही त्याच सुमारास असते. पाचव्या अक्षराचा प्रश्न मूळ परवान्यातच विचारला जाईल, असे लेखी आश्वासन मी उत्पादकाकडे मागितले आहे. ते न मिळाल्यास परवान्यांची संख्या कमी करून या गटाचे कोडिंग छापील कोडपुस्तकावरून करण्याचा प्रस्ताव विभागापुढे ठेवणार आहे.