इफच्या आत इफ, गार्ड, शिडी की तक्ता: अटी कुठे कशा लिहाव्यात

लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या हमीभाव खरेदी केंद्रासाठी छोटा प्रोग्राम लिहायचा आहे, असं धरू. सोयाबीन घेऊन शेतकरी आला की आधी नोंदणी पाहायची, मग ओलावा. ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. दोन्ही जमलं तर वजन. पहिल्या झटक्यात बहुतेक जण असं लिहितात:

इफ नोंदणी_आहे:
    इफ ओलावा <= १२:
        वजन_करा()
    एल्स:
        रिटर्न "वाळवून आणा"
एल्स:
    रिटर्न "नोंदणी नाही"

दोन अटींपर्यंत हे चालतं. पण पीकपेरा आणि बँक खाते या आणखी दोन अटी आल्या की मुख्य काम चार पायऱ्या आत सरकतं. "नोंदणी नाही" हे उत्तर तर प्रश्नापासून इतकं लांब जातं, की कोणता एल्स कोणत्या इफचा हे बोट लावून मोजावं लागतं. लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कोडिंग शैली तीनपेक्षा जास्त इंडेंटेशन, म्हणजे ओळ आत सरकवण्याच्या पायऱ्या, लागलं तर सरळ प्रोग्रामच दुरुस्त करा म्हणते. कडक वाटतं, पण ते बरोबर आहे.

तेच काम गार्ड लावून, म्हणजे नकाराच्या अटी आधी तपासून तिथेच बाहेर पडून:

इफ नॉट नोंदणी_आहे:
    रिटर्न "नोंदणी नाही"
इफ ओलावा > १२:
    रिटर्न "वाळवून आणा"
वजन_करा()

नकार दारातच, प्रश्नाला लागून उत्तर. नवी अट म्हणजे फक्त दोन ओळींची भर. माल नाकारण्याची कारणं एकाहून जास्त असतील तर डोळे झाकून गार्ड निवडा. अट उलटी करताना मात्र जपून: <= चं उलट > आहे, >= नाही. घाईत >= लिहिलं तर बरोबर १२ टक्क्यांचा माल विनाकारण परत जातो. दुसरा धोका म्हणजे फाइल किंवा डेटाबेसचं लॉक उघडल्यावर मधूनच रिटर्न होणं. तिथे बाहेर पडताना लॉक आपोआप सोडणारी सोय, म्हणजे पायथनमध्ये विथ, गो भाषेत डिफर वापरा, नाहीतर लॉक तसंच अडकून राहतं.

कंस वाचवायची सवयही महागात पडते. २०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये इफखाली 'गोटू फेल' (थेट 'फेल'कडे उडी मार) ही ओळ चुकून दोनदा आली. महिरपी कंस नसल्याने दुसरी ओळ अटीबाहेर पडून दर वेळी चालली आणि सर्टिफिकेटशी निगडित सहीची तपासणीच टळली. म्हणून सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये एका ओळीच्या इफलाही कंस द्या.

आता शिडी, म्हणजे इफ, एल्स इफ, एल्स इफ. टप्प्यांसाठी हीच योग्य: समजा ओला माल परत न पाठवता १० टक्क्यांवर एक कपात, १२ वर दुसरी, १४ वर तिसरी. पण क्रम मोठ्याकडून लहानाकडे हवा. आधी "१० पेक्षा जास्त" विचारलं तर १५ टक्क्यांचा मालही तिथेच थांबतो आणि खालच्या पायऱ्या कधीच चालत नाहीत. एरर येत नाही, पट्टी तेवढी चुकते. तपासताना ११.९, १२ आणि १२.१ हे तीनही आकडे टाकून बघा.

टप्पे नसून ठरावीक नावं असतील (सोयाबीन, तूर, हरभरा आणि प्रत्येकाचा दर), तर शिडी नको, तक्ता घ्या. पायथनच्या डिक्शनरीत पीक ही किल्ली, दर ही किंमत. दर बदलला तर तर्काला हातच लागत नाही. किल्ली सापडली नाही तर काय, हे आधी ठरवा. गुपचूप शून्य दर देण्यापेक्षा एरर बरी. तक्त्यात फंक्शन ठेवताना नावापुढे कंस दिले, तर तक्ता बनतानाच सगळी फंक्शन चालून मोकळी होतात.

प्रत्येक नावासाठी दोन-चार ओळींचं वेगळं काम असेल तर स्विच, म्हणजे दर नावाची वेगळी 'केस'. सी आणि जावाच्या जुन्या स्विचमध्ये केसच्या शेवटी ब्रेक (इथे थांब) विसरला की तुरीचा माल खाली हरभऱ्याच्या केसमध्ये घसरतो. गोमध्ये तसं होत नाही. पायथनला मॅच (स्विचसारखी सोय) ३.१० मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये मिळालं. तिथे केसपुढे नुसतं नाव लिहिलं तर ते तुलना करत नाही, आलेली किंमत त्या नावात भरून घेतं. अशी केस शेवटची असेल तर सगळंच तिच्यात जुळतं, तक्रारही येत नाही.

टर्नरी (किंमत देणारा छोटा इफ-एल्स) दोन किमतींतून एक निवडायला, तीही एका ओळीत. टर्नरीत टर्नरी घालू नका. पीएचपी ८ मध्ये कंसांशिवाय तशी साखळी लिहिली तर प्रोग्राम चालतच नाही.