वर्कस्टेशनच्या मेमरीपोटी गेलेले ₹ ३,३२,८००

मी एकूण ₹ ६,०८,८०० मोजले आहेत आणि त्या बदल्यात माझ्या टेबलाखाली जो संगणक उभा आहे, त्यात ठरलेल्या ५१२ जीबीऐवजी ३२ जीबी मेमरी आहे. हे लिहिताना संताप होतो आणि लाजही वाटते, कारण दुसऱ्यांच्या हिशेबातील विसंगती शोधून काढणे हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. नातेवाइकांपैकी अर्ध्यांना मी अजून खरी रक्कम सांगितलेली नाही. तरीही लिहिते आहे, कारण हा संगणक विकणाऱ्या दुकानदाराचा वाशीतला गाळा बंद झाला असला, तरी तो इसम दुसऱ्या फोन क्रमांकावरून अशाच ऑर्डरी घेत असल्याचे मला खात्रीने कळले आहे.

‘घरी ५१२ जीबी कशाला लागते?’ हा प्रश्न मला पोलीस ठाण्यातही विचारण्यात आला, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. मी ठाणे शहरात, घोडबंदर रोडवरील घरातून विमा कंपन्यांसाठी दाव्यांच्या माहितीचे विश्लेषण करते. करारानुसार ही माहिती कोणत्याही क्लाउडवर चढवता येत नाही, त्यामुळे भाड्याने मशीन घेण्याचा मार्ग मला बंद आहे. डेटा विश्लेषणाचे पांडास हे साधन ज्यांनी तयार केले, त्या वेस मॅककिनी यांनीच २०१७ मध्ये असा ठोकताळा दिला होता की, डेटाच्या पाच ते दहा पट रॅम, म्हणजे मेमरी, हाताशी असावी. माझा मुख्य तक्ता मेमरीत उघडला की ५० जीबीच्या आसपास जातो. त्याला दुसरा तक्ता जोडताना आणि मधल्या प्रती तयार होताना १२८ जीबीचे जुने मशीन रात्री-अपरात्री मान टाकत असे, आणि ३१ मार्चच्या मूल्यांकनाचे काम तोंडावर आले होते. म्हणजे हौस म्हणून केलेली ही खरेदी नव्हती.

त्यात २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळू लागला आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशल या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीत ५१२ जीबी माझ्या आवाक्याबाहेर होते, म्हणून आधीच्या पिढीच्या डीडीआर४ वर चालणारा एएमडीचा ईपिक ७४४३पी हा २४ कोअरचा प्रोसेसर, आठ स्लॉटचा सर्व्हर बोर्ड आणि ६४ जीबीच्या आठ ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या) मेमरी स्टिक असा बेत मी केला. या प्रोसेसरला मेमरीच्या आठ वाहिन्या आहेत. ३२०० च्या वेगाने एका वाहिनीतून सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो आणि आठही भरल्या तर २०४.८ जीबी, म्हणून आठ नगांचा माझा आग्रह होता. लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा एवढे नग एकत्र देण्याची हमी कोणी देईना. वाशीच्या या दुकानदाराने दिली. (हमी देणारा तो एकटाच का, हे विचारायला हवे होते, असे आता सगळेच मला सांगतात. ज्याच्याकडे माल असतो तोच हमी देतो, असे मला तेव्हा वाटले आणि त्यात काही वावगे होते असे मला आजही वाटत नाही.)

कोटेशन ₹ ५,८४,००० चे होते. त्यात मेमरी ₹ ३८,५०० प्रमाणे आठ नग, म्हणजे ₹ ३,०८,०००, आणि बाकी सर्व मिळून ₹ २,७६,०००. जीएसटी धरून हा भाव होता आणि कागदावर पंधरा अक्षरांचा, २७ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक छापलेला होता. माणूस जाणकार होता. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून काढलेले काही ईपिक प्रोसेसर त्याच कंपनीच्या बोर्डाशी कायमचे जखडलेले असतात आणि दुसऱ्या बोर्डावर चालू होत नाहीत, हे त्याने मी न विचारता सांगितले आणि ते शंभर टक्के खरे आहे. जुना ईपिक घेणाऱ्याने बोर्डावर चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे त्याच्याकडून शिकलेले शहाणपण मी इथे फुकट देते. मी ₹ ३,५०,००० आरटीजीएसने दुकानाच्या चालू खात्यात भरले.

मशीन आले ते चार स्टिकसह, म्हणजे २५६ जीबी. उरलेल्या चार ‘मागाहून’ येणार होत्या. मी तपासणीत कसूर केली नाही. बाजूचे झाकण उघडून प्रत्येक स्टिकचे लेबल वाचले. सॅमसंगच्या लेबलावर एम३९३ ने सुरू होणारा क्रमांक रजिस्टर्ड स्टिकचा, म्हणजे बाजारातल्या भाषेत आरडिमचा असतो आणि शेवटची सीडब्ल्यूई ही अक्षरे ३२०० चा वेग दाखवतात. चारही नग त्याप्रमाणे होते. डीएमआयडीकोड हा हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून क्षमता आणि वेग पाहिला, रात्रभर मेमटेस्ट ही मेमरीची चाचणी चालवली, एकही चूक निघाली नाही. कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमधली हे विसरू नये म्हणून लेबलांच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या मार्करने १, २, ३, ४ असे मराठी आकडे घातले आणि फोटो काढून ठेवले. या आकड्यांकडे पुढे पुन्हा यायचे आहे. समाधान झाल्यावर ₹ १,८४,००० एनईएफटीने दिले आणि ₹ ५०,००० उरलेल्या चार नगांसाठी हातात राखले. यात मी कुठे भाबडेपणा केला, ते कोणी दाखवून द्यावे.

नंतर फोन आला. बाजारात आता ६४ जीबीच्या फक्त लोड-रिड्यूस्ड, म्हणजे एलआरडिम स्टिक मिळत आहेत आणि आरडिम व एलआरडिम एका बोर्डावर एकत्र चालत नाहीत, सबब आठही एलआरडिम बसवाव्या लागतील. ‘मॅडम, तुम्ही टेक्निकल आहात, तुम्हाला मी काय समजावणार,’ असेही वर म्हणाला. यातली तांत्रिक बाब अगदी खरी आहे, आणि तिथेच सगळा घात आहे. खोटे बोलला असता तर मी त्याला तिथेच पकडले असते. फरक नगामागे ₹ ३,१००, आठ नगांचे ₹ २४,८००. माझ्या चार आरडिम तो परत घेणार आणि त्याच भेटीत आठ नव्या बसवणार, असे ठरले.

दुकानातला मुलगा आला तो आठ नव्या स्टिक न घेता. एका चंदेरी पिशवीत त्याने १६ जीबीच्या दोन स्टिक आणल्या होत्या. नवा माल दुकानात ‘टेस्टिंगला’ लावला आहे, संध्याकाळी स्वतः मालक घेऊन येतील, तोवर तुमचे काम अडायला नको म्हणून या दोन तात्पुरत्या बसवतो, असे तो म्हणाला. मी त्या क्षणाशी अनेकदा भांडले आहे. संध्याकाळी आठ नग येणारच होते, तर दुपारी चार नग काढून नेण्याचे कारण काय? ज्याला अदलाबदल करायची असते, तो नवे हातात घेऊन येतो. ‘तात्पुरत्या’ दोन स्टिक कोणी सहज पिशवीत घालून आणत नाही. न परतण्याची तयारी करूनच त्या आणलेल्या होत्या. तो मनगटाला ग्राउंडिंगचा (स्थिर विजेपासून चिप वाचवणारा) पट्टा न बांधता, उघड्या बोटांनी माझ्या स्टिक उपसत होता, आणि मी त्याला पट्टा बांधायला सांगत होते. माझे लक्ष स्थिर विजेकडे होते. त्याच वेळी अंधेरीच्या ग्राहकाशी माझी कॉन्फरन्स सुरू होती आणि एका कानात इयरफोन होता, हेही नोंदवून ठेवते.

त्याने चलनाच्या पुस्तकावर माझी सही घेतली. मालाच्या रकान्यात ‘मेमरी ४ नग’ आणि शेऱ्यात ‘विक्री परत’ असे लिहिलेले होते. मी ते वाचले होते आणि व्यवहार पाहता ते बरोबरच होते.

त्याच दुपारी राखलेले ₹ ५०,००० आणि फरकाचे ₹ २४,८०० असे ₹ ७४,८०० त्याने यूपीआयने मागितले, कारण एलआरडिमचा घाऊक विक्रेता पैसे मिळाल्याशिवाय माल सोडत नाही म्हणे. आता यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसते, तसे ते मला दिसले, आणि ते एका बाईंचे होते. ‘वहिनींचे खाते आहे, चालू खात्याची आजची मर्यादा संपली,’ असे उत्तर आले. पैसे येण्याला कसली मर्यादा? हा प्रश्न मला बटण दाबल्यावर सुचला. दुकानाचे पैसे दुकानाच्याच खात्यात भरा. मालकाची वहिनी तुम्हाला बिल देणार नसते.

मालक त्या संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग फोन लागेना, मग शटर खाली. शेजारच्या गाळेवाल्याने सांगितले की, भाडे थकवून तो आधीच जायच्या तयारीत होता.

आता पोलिसांविषयी. माझे घर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आणि दुकान नवी मुंबईच्या हद्दीत. घराजवळच्या पोलीस ठाण्यात सांगितले की, दुकान तिकडे आहे, तिकडे जा. दुकानाजवळच्या ठाण्यात सांगितले की, माल तुमच्या घरून नेला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. अंमलदारांनी तो कागद हातात न घेता टेबलावरच्या काचेखालून दिसणारा बंदोबस्ताचा तक्ता वाचत मला विचारले, ‘मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि त्याला माल काढून दिलात?’ यूपीआयचा उल्लेख येताच हे प्रकरण सायबरचे ठरले. सायबरच्या टेबलावर ते सायबरचे नाही असे ठरले, कारण दुकानदाराला मी प्रत्यक्ष पाहिले होते. बँकेने कळवले की, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे. अखेर एका अधिकाऱ्याने त्याला फोन लावला. आश्चर्य म्हणजे त्याने तो उचलला आणि सांगितले की, बाईंनी मेमरी परत केली व त्यांना रोख पैसे दिले आहेत, सहीचे चलन आहे. झाले! माझ्याच सहीच्या जोरावर हा ‘दिवाणी वाद’ ठरला. रोख दिल्याची पावती कुठे आहे, हे त्याला विचारा, अशी विनंती मी केली. ते तपासात बघू, असे उत्तर मिळाले. तपास केव्हा? गुन्हा दाखल झाल्यावर. आणि गुन्हा दाखल होत नाही, कारण वाद दिवाणी आहे.

मध्यंतरी जुन्या वस्तू विकण्याच्या एका अ‍ॅपवर मला ६४ जीबीच्या चार आरडिमची जाहिरात दिसली. फोटो मोठा करून पाहिला, तर तिसऱ्या स्टिकच्या लेबलावर उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा ३ होता, माझ्या अक्षरातला, खालची शेपटी लांब ओढलेला. माझ्याकडचा फोटो आणि हा फोटो शेजारी-शेजारी ठेवून मी पोलीस ठाण्यात दाखवला. ‘तीन कोणीही काढू शकतो,’ असे मला सांगण्यात आले. दोन्ही फोटोंतले लेबलावरचे अनुक्रमांकही जुळतात, हे सांगेपर्यंत साहेब उठून गेले होते. ती जाहिरात नंतर काढून टाकण्यात आली. तुम्ही निदान अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या आणि विक्रेत्याची सही घ्या. माझ्या बिलावर नुसते ‘मेमरी ६४ जीबी’ आहे.

बिलाचेही तसेच. त्यावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासला, तर नोंदणी आधीच रद्द झालेली. ₹ ५,८४,००० मध्ये जीएसटी ₹ ८९,०८५ होतो. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करण्याची मनाई केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे. जीएसटी कार्यालयाने माझा अर्ज ठेवून घेतला आणि वसूल झालाच तर कर सरकारजमा होईल, तुम्हाला मिळणार नाही, एवढे स्पष्ट केले. क्रमांक तपासायला मिनिटभर लागते आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. अ‍ॅडव्हान्सच्या आधी तपासा.

सध्या ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही ती दाखल करता येते, त्यामुळे हद्दीचा घोळ तिथे नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक’ ठरत नाही, तेव्हा तसे सांगून कोणी परत पाठवले तर ऐकू नका. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो आणि पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी ₹ २०० आहे. पोलिसांकडील लेखी अर्ज मी पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवला आहे आणि पोच जपून ठेवली आहे. यूपीआयने पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी संध्याकाळची वाट पाहत बसले आणि तोवर वहिनींचे खाते रिकामे झाले.

हाच इसम आता ‘डीडीआर४ सर्व्हर मेमरी, आठ नगांची हमी’ असे सांगत पनवेल-खारघर भागात ऑर्डरी घेतो आहे. ज्यांनी त्याला अ‍ॅडव्हान्स दिला असेल, त्यांनी कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक आजच पोर्टलवर पाहावा, आणि नोंदणी रद्द दिसली तर माझ्यासारखी एकट्याने तक्रार न करता सोबत यावे. एकाच माणसाविरुद्ध दोन-चार अर्ज एकत्र गेले, तर ‘दिवाणी वाद’ म्हणणे अंमलदारांनाही थोडे जड जाईल. आणि नव्या स्टिक तुमच्या बोर्डावर बसून पूर्ण क्षमता दिसल्याशिवाय जुनी एकही स्टिक कोणाच्या हातात देऊ नका.