चालायला सकाळ बरी की संध्याकाळ?

मावशीला साठीनंतर गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून आम्ही बहिणी भेटलो की धोका कमी करायला कधी चालावं, हा वाद ठरलेला.

सकाळवाल्या बहिणी स्पेनमधला २०२० सालचा अभ्यास पुढे करतात. सकाळी आठ ते दहा व्यायाम करणाऱ्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी दिसला होता. खरंय, पण गर्भपिशवीचा त्यात विषयच नव्हता, आणि व्यायामाच्या वेळा लोकांनी आठवून सांगितलेल्या. (मला गेल्या महिन्याचं आठवत नाही.) गर्भपिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो, तिथे लस आणि तपासणी आधी, चालणं नंतर. अस्तराच्या कॅन्सरचं मात्र वजनाशी जवळचं नातं. पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होत राहतं आणि अस्तर वाढवत राहतं. म्हणून मी घड्याळापेक्षा आठवड्याची बेरीज बघते. जागतिक आरोग्य संघटना किमान १५० मिनिटं सांगते.

सकाळ मी आठ महिने करून पाहिली. ठाण्यातल्या कचराळी तलावावर हवा छान, गर्दी नाही, घामही कमी. पण आमच्याकडे पाणी येतं पावणेसहाला आणि जातं साडेसहाला. पिंप भरायचं, मशीन लावायचं, मग डबे. नळ चालू ठेवून निघाले त्या दिवशी अर्ध्या फेरीतून पळत परत आले, मोरीतून पाणी पॅसेजमध्ये. त्यानंतर फेऱ्या मारताना डोळे सतत घड्याळावर. आठवड्याला कशीबशी साठ मिनिटं व्हायची, आणि रात्री मुलाची वाट बघत जागले की तीही बुडायची.

आता बूट ऑफिसच्या बॅगेत. ठाण्याला उतरले की घरी न जाता थेट स्टेशनजवळच्या तळ्याकाठी, तलावपाळीला; घरी गेलं की संपलं. तीन फेऱ्या, पस्तीस मिनिटं, पाच दिवस. गर्दी आहे, हॉर्न आहेत, भेळेचा वास तर दर फेरीला आडवा येतो. पण मला कोणी हाक मारत नाही. ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी आहे त्यांचं गणित वेगळं असेल, त्यांनी खुशाल पहाटे निघावं.

रविवारी पाण्याचं नवरा बघतो. त्या दिवशी मी सकाळीच कचराळीला जाते.